एकाच दिवशी दोन घरांचा निकाल: मिशिगनमधलं होमस्कूलिंग, श्रद्धा आणि मैत्री

२५ मे १९९३ या दिवशी मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. दोन्ही खटल्यांत आईवडील आरोपी होते आणि आरोपही जवळपास सारखाच होता: मुलांना घरी शिकवलं, पण त्यासाठी सरकारी प्रमाणपत्र असलेला शिक्षक ठेवला नाही. पहिल्या घराने सांगितलं की असं प्रमाणपत्र मागणं आमच्या श्रद्धेविरुद्ध आहे. न्यायालयाने त्यांना अटीतून मोकळं केलं. दुसऱ्या घराने धर्माचं नाव काढलं नाही. मुलांना कसं शिकवायचं हे ठरवणं हा आईवडील म्हणून आमचा हक्क आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना उत्तर मिळालं, अट तुम्हाला लागू आहे.

मी मिशिगनमध्येच राहते. डेट्रॉईटच्या आसपास नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या पट्ट्यात गाड्यांच्या कंपन्यांमुळे बरीच मराठी घरं वसली आहेत, त्यांतलंच एक आमचं. आमच्याकडे गळ्यात माळ आहे, एकादशी आहे, दिवेलागणीला हरिपाठ आहे. मुलगी आणि मुलगा दोघंही माझ्याकडेच शिकतात. माझी सगळ्यांत जवळची मैत्रीणही तिच्या मुलाला घरीच शिकवते. ती साताऱ्याची, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या घरात वाढलेली. तिच्याकडे देव्हारा नाही आणि तिला तो नकोच आहे. मुलीच्या नागरिकशास्त्रासाठी मी ही दोन निकालपत्रं वाचायला घेतली तेव्हा पानोपानी आमची दोन घरं दिसायला लागली. म्हणून हे प्रकरण नीट मांडते आहे.

पहिलं घर

मार्क आणि क्रिस डियाँग हे पश्चिम मिशिगनमधल्या ओटावा काउंटीतलं जोडपं. हा मुलूख डच स्थलांतरितांनी वसवलेला. हॉलंड, झीलंड अशी गावांची नावं, आणि रविवारी चर्चला जाणं हे इथे जेवणाइतकं नित्याचं. डियाँग यांची शाळेच्या वयाची दोन मुलं १९८०च्या दशकात घरी शिकत होती. अभ्यासक्रम इलिनॉयमधल्या एका ख्रिस्ती संस्थेचा होता. आपण हे का करतो, ते त्यांनी न्यायालयात सांगितलं: शिक्षणाचा मुख्य हेतू मुलाला नुसतं जगाला सामोरं जायला शिकवणं हा नाही, देवाला सामोरं जायला शिकवणं हा आहे. शिकवण्यासाठी सरकारचं प्रमाणपत्र मागायचं म्हणजे जिथे फक्त देवाची सत्ता चालते तिथे सरकारची सत्ता मान्य करायची, आणि हे त्यांच्या लेखी पाप होतं.

मुलं नीट शिकत नाहीत असा आरोप सरकारने कधीच केला नव्हता. निकालपत्राने ही गोष्ट सुरुवातीलाच नोंदवली आहे. तरी खालच्या न्यायालयात शिक्षा झाली: दोन वर्षांचं प्रोबेशन, २०० डॉलर दंड, मुलांच्या चाचण्या घेण्याचा आणि प्रमाणपत्रधारक शिक्षकाची सोय करण्याचा हुकूम. अपिलातही ते हरले.

त्यातच १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा स्मिथ खटल्यातला निकाल आला. सर्वांना सारखा लागू असलेला कायदा केवळ धर्माच्या कारणाने कुणाला चुकवता येणार नाही, असा त्याचा रोख होता. त्यात एक फट मात्र ठेवली होती. धर्मस्वातंत्र्याच्या जोडीला दुसरा एखादा घटनात्मक हक्क, उदाहरणार्थ मुलांना वाढवण्याचा आईवडिलांचा हक्क, गुंतलेला असेल तर न्यायालयाला सरकारच्या अटीवर जास्त कडक कसोटी लावता येईल. न्यायमूर्ती डोरोथी कॉमस्टॉक रायली यांनी नेमकी हीच वाट धरली. त्यांनी सरकारला विचारलं की मुलं शिकावीत हा तुमचा हेतू योग्य आहे, पण प्रमाणपत्राखेरीज तो साधतच नाही का? बाकीच्या जवळजवळ सगळ्या राज्यांचं या अटीवाचून चाललं होतं. मुलांची प्रगती तपासायला चाचण्यांसारखे सौम्य उपायही होते. सरकारकडे पटेल असं उत्तर नव्हतं. चार विरुद्ध तीन अशा मतांनी डियाँग जिंकले.

क्रिस डियाँग यांच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते. मुलांना पाढे शिकवल्याबद्दल गुन्हेगार ठरायचं, आणि अपिलं वर्षानुवर्षं चालत असताना तीच मुलं हाताशी येताना बघायची. त्या बाईच्या निष्ठेपुढे मी नमते.

दुसरं घर

बेनेट कुटुंब हार्टलँडचं. अ‍ॅन आर्बरहून फ्लिंटकडे जाताना वाटेत हे गाव लागतं. त्यांनी मुलांची नावं अ‍ॅन आर्बरच्या क्लॉनलारा शाळेच्या घरशिक्षण कार्यक्रमात घातली होती. ही शाळा पॅट माँटगोमेरी यांनी १९६७ साली सुरू केली. मुलाच्या कलाने शिकवावं, घोकंपट्टी नको, अशा विचाराची, आणि कुठल्याही धर्माच्या किंवा निधर्मी घराला दार उघडं असलेली. बेनेट यांनी अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे पालकांचा हक्क मांडला. न्यायालयाचं म्हणणं पडलं की हा हक्क इतका मूलभूत नाही की त्यासाठी सरकारला कडक कसोटी लावावी. अट सयुक्तिक आहे एवढं दिसलं की पुरे, आणि ती दिसते.

दंडातून बेनेट सुटले, पण वेगळ्या कारणाने. खटला भरण्याआधी कायद्याप्रमाणे शिक्षण खात्यापुढे सुनावणी व्हायला हवी होती, ती झालीच नव्हती. म्हणजे शिक्षा रद्द झाली, हक्क मात्र मिळाला नाही.

इथपर्यंत वाचून झाल्यावर माझ्या मुलीने विचारलं, "आई, मग त्यांच्या मुलांनी दुसऱ्या दिवशी काय करायचं?" मी म्हटलं, प्रमाणपत्रवाले शिक्षक शोधायचे, नाहीतर शाळेत जायचं. "आणि डियाँगच्या मुलांनी?" मी म्हटलं, ती घरीच. मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण मुलं तर सारखीच आहेत ना." बारा वर्षांच्या मुलीचं हे वाक्य मला दोन्ही निकालपत्रांपेक्षा जड वाटलं.

अट आली कुठून

ही अट १९२१च्या कायद्यातली, खासगी आणि चर्चच्या शाळांवर सरकारी देखरेख आणणारी. त्या काळात मिशिगनमध्ये कॅथलिक आणि लुथरन शाळांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं. सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच पाठवायची सक्ती करावी, असा प्रस्ताव १९२० साली थेट मतदारांपुढे गेला आणि पडला. १९२४ साली पुन्हा आला, पुन्हा पडला. ओरेगॉनमध्ये मात्र तसा कायदा १९२२ साली मंजूर झाला, आणि १९२५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मूल म्हणजे नुसती राज्याची निर्मिती नव्हे, हे त्या निकालाचं सूत्र आजही जगभरचे होमस्कूलिंग करणारे पालक सांगतात.

१९७९ सालचं अ‍ॅलेगन काउंटीतलं एक प्रकरण डियाँग यांच्याही आधीचं. ती आई शिक्षणशास्त्राची पदवीधर होती. अर्ज केला असता तर प्रमाणपत्र तिला सहज मिळालं असतं. श्रद्धेपायी तिने तो केला नाही, आणि स्थानिक न्यायालयाने तिला सोडून दिलं. म्हणजे या धार्मिक घरांचं भांडण पात्रतेवरून नव्हतंच.

मी कुठल्या घरातली?

वरवर पाहिलं तर मी डियाँग आणि माझी मैत्रीण बेनेट. आमच्या सत्संगातल्या बायकांनाही तसंच वाटतं. "आपल्याला धर्माची सवलत आहे ना, मग काळजी कसली?" असं एक वहिनी मला म्हणाल्या होत्या.

मी नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की तसं नाही. डियाँग जिंकले कारण त्यांची श्रद्धा प्रमाणपत्रालाच मनाई करत होती. माझ्या संप्रदायात तसं काही नाही. पोरं घरी शिकवा आणि सरकारचा कागद नाकारा, असं विठ्ठलाच्या वारीत कुणी कधी सांगितलेलं नाही. माझी श्रद्धा मला सकाळी मुलांसोबत बसायला लावते, आपल्या भाषेत संतांचं बोलणं त्यांच्या कानावर घालायला लावते, मूल हे देवाने सोपवलेलं काम आहे असं मानायला लावते. या श्रद्धेत मनाई नाही, ओढ आहे. न्यायाधीशापुढे ही ओढ टिकली नसती. त्या दिवशी त्या न्यायालयात मी असते तर माझ्या माळेसकट मला बेनेट यांच्या बाजूला बसवलं असतं.

हे मला उगाच वाटत नाही. इथे आल्यावर मी जवळच्या एका होमस्कूल गटात जायचं ठरवलं होतं. आठवड्यातून एकदा पाच-सहा घरं एकत्र येऊन विज्ञानाचे प्रयोग, गाणं, चित्रकला घेतात. प्रवेशाआधी श्रद्धापत्रक सही करायचं होतं: बायबल हे देवाचं अचूक वचन, येशू हाच एकमेव तारणहार. त्या बाई प्रेमाने बोलल्या, कॉफी दिली, पण सहीवाचून जागा नव्हती. मी सही केली नाही. घरी येऊन रडले, कारण देवाला मानणाऱ्यांतच मला माझी माणसं सापडतील असं धरून मी गेले होते.

मैत्रीण भेटली ती त्यानंतर, गावच्या वाचनालयातल्या एका मोकळ्या गटात. तिथे कुणी कशावर सही मागत नाही. तिचा मुलगा माझ्या मुलाशेजारी लेगोचा पूल बांधत बसला होता आणि दोघं मराठीत भांडत होते. तिकडून सुरुवात झाली. माझ्याकडे काकड आरती असते तेव्हा ती येते, पण हात जोडत नाही, आणि ते मला खटकत नाही. तिच्याकडे दाभोलकरांच्या स्मृतिदिनाला मुलांना जमवून ती चमत्कारामागचं विज्ञान करून दाखवते. माझी मुलं जातात, आणि पाण्याने पेटणारा दिवा कसा पेटतो ते घरी येऊन मला समजावतात. आम्ही एकमेकींच्या आजारपणात एकमेकींची मुलं शिकवलेली आहेत. तिच्या मुलाला अपूर्णांक मी शिकवले, माझ्या मुलीला बीजगणित तिने.

घरच्यांचं म्हणाल तर सासूबाईंना दोघींचंही सारखंच कोडं आहे. पंढरपूरहून फोन आला की पहिला प्रश्न दाखल्याचा. "शाळेचा दाखला नाही, तर पुढं पोरांचं कसं गं?" मी सांगते, "आई, तिकडेही १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतातच की. मुक्त विद्यालयाचीही परीक्षा असते." त्यांचं समाधान होत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्या शाळेसाठी तीन मैल चालल्या आहेत. मुलीला शाळेत जायला मिळावं म्हणून ज्या पिढीने झगडा केला, तिला नातवंडं घरी बसलेली पाहवत नाहीत. आमच्या नणंदबाई शिक्षिका आहेत, त्या तर दर सुट्टीत मुलांची तोंडी परीक्षाच घेतात. मी त्याचं स्वागत करते. मुलांवर घराबाहेरच्या कुणाची तरी नजर असावी, हे त्यांच्याकडूनच मला पटत गेलं.

भारतातही हा पेच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतं. न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, पण होमस्कूलिंगला स्वच्छ मान्यताही नाही. २०१२ साली दुरुस्ती होऊन मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही असं ठरलं. इथेही धर्माला वाट मिळाली आणि साधं घर मधल्या मध्ये राहिलं.

मैत्रिणीचा फॉर्म

मिशिगनमध्ये १९९६पासून नवा शालेय कायदा लागू झाला आणि त्यात घरच्या शिक्षणाला सरळ सूट मिळाली. आई, वडील किंवा पालकाने घरी नऊ विषयांचा व्यवस्थित अभ्यास घ्यायचा: वाचन, शुद्धलेखन, गणित, विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र, साहित्य, लेखन आणि इंग्रजी व्याकरण. माझ्या फ्रिजवर हीच यादी लावलेली आहे. यात ना धर्म विचारलाय, ना पदवी, ना नोंदणी. न्यायालयाने जे बेनेट यांना दिलं नाही, ते तीन वर्षांत विधिमंडळाने सगळ्यांना दिलं. मी आणि माझी मैत्रीण दोघीही आज याच कलमावर उभ्या आहोत.

तरीही १९९३ची ती भिंत एका जागी शिल्लक आहे. मैत्रिणीच्या मुलाला बोलताना अडखळायला होतं. सरकारी शाळांमार्फत मिळणारी वाचा-उपचारासारखी मदत घरी शिकणाऱ्या मुलाला हवी असेल, तर घराची खासगी शाळा म्हणून राज्याकडे नोंदणी करावी लागते. तिथे शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र किंवा किमान पदवी लागते. अपवाद एकच: शिक्षक-प्रमाणपत्राला प्रामाणिक धार्मिक आक्षेप असल्यास ही अट नाही. डियाँग यांच्या निकालाची ही आजवर चालत आलेली खूण.

मैत्रिणीचं इंजिनियरिंग तिसऱ्या वर्षाला सुटलं, वडील गेले म्हणून. पदवी नाही. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात तो फॉर्म समोर घेऊन बसलो होतो. मी म्हटलं, "अगं, कर ना धार्मिक आक्षेपाची खूण. कोण तपासायला येतंय?" तिने पेन खाली ठेवलं. "मी देव मानत नाही हे मुलाला माहीत आहे. त्याच्याच उपचारासाठी मी देवाच्या नावाने खोटं लिहिलेलं त्याला काय सांगू?" नवऱ्याची पदवी लिहिता आली असती, पण तो दिवसभर ऑफिसात, शिकवते ती. तेही तिला खोटंच वाटलं. ती खासगी उपचारतज्ज्ञाकडे गेली. विम्यातून थोडे पैसे मिळतात, बाकीचे खिशातून जातात.

माझ्या ओळखीत देवाचं नाव इतकं जपून घेणारं दुसरं कुणी नाही. आणि सवलत मिळाली असती ती मला, जिने तिला खोटं लिहायचा सल्ला दिला. एखादी सूट श्रद्धेवर बेतली की श्रद्धा मोजायची वेळ येते, आणि ती मोजायला सरकारकडे खूण करायच्या एका चौकोनापलीकडे काही नसतं. श्रद्धावान बाई म्हणून मला ते सहन होत नाही.

राजकारण

होमस्कूलिंग म्हटलं की इथे लोक आपल्याला एका पक्षाच्या, म्हणजे रिपब्लिकनांच्या, खात्यात टाकून मोकळे होतात. इतिहास तसा सरळ नाही. या निकालांनंतर नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, अमेरिकेच्या संसदेसमोरच्या शिक्षण विधेयकात शिक्षकांच्या प्रमाणपत्राचं एक कलम आलं. ते घरांनाही लागू होईल या भीतीने देशभरचे पालक फोनला लागले. तेव्हा इंटरनेट घरोघरी नव्हतं. फॅक्स, ख्रिस्ती रेडिओ आणि एकीने दुसरीला करायचे फोन, एवढ्यावर त्यांनी संसदेचे फोन दिवसचे दिवस जाम केले. २४ फेब्रुवारीला ते कलम ४२४ विरुद्ध १ मताने काढून टाकलं गेलं. ते काढण्याची दुरुस्ती मांडणारे विल्यम फोर्ड आणि डेल किल्डी हे दोघेही आमच्या मिशिगनचे आणि दोघेही डेमोक्रॅट.

त्याच वर्षी रेमंड मूर यांनी लिहून तक्रार केली की काही नेते धर्माच्या नावाने ही चळवळ फोडत आहेत, निधर्मी आणि इतर धर्मीय घरांना बाहेर ठेवत आहेत. मूर स्वतः सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट, धर्मनिष्ठ माणूस. त्यांच्या पत्नी डोरोथी यांच्यासह होमस्कूलिंग अमेरिकेत रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव फार वर आहे. श्रद्धापत्रकावरून परतलेली मी त्यांचं दुखणं समजू शकते.

२०२३च्या अखेरीस मिशिगनमध्ये मुलांच्या छळाचं एक भयंकर प्रकरण उघडकीला आलं, आणि घरी शिकणाऱ्या मुलांची राज्याकडे नोंद हवी अशी मागणी पुढे आली. अ‍ॅटर्नी जनरल (राज्याच्या मुख्य कायदा अधिकारी) डेना नेसल यांनी तिला जाहीर पाठिंबा दिला. होमस्कूलिंग करणाऱ्यांत खळबळ उडाली. आमच्या दोघींतही पहिल्यांदा कडाक्याचं भांडण झालं. तिचं म्हणणं, नोंद हवीच. ज्या मुलाला घरात मार बसतो त्याला कुणीतरी मोजलेलं असायला हवं. माझं म्हणणं, आज नोंद, उद्या तपासणी, परवा पुन्हा प्रमाणपत्र. १९२१ची आठवण मी तिला करून दिली. तिने मला विचारलं, "आणि तुझ्या नणंदबाई दर सुट्टीत मुलांना प्रश्न विचारतात ते तुला चालतं, मग ज्या घरात अशी आत्या नाही तिथे कुणी विचारायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही दिवस आम्ही फक्त मुलांच्या वेळापत्रकापुरतं बोललो.

मग मी मत बदललं, पण अर्धंच. वर्षातून एकदा आईवडिलांची आणि मुलांची नावं कळवणं मला मान्य आहे. पदवीची आणि प्रमाणपत्राची अट मला मान्य नाही, कुणासाठीच नाही. आणि नोंद झालीच तर तिला धर्माच्या नावाने अपवाद नको. मुलाचं अंग शाबूत आहे का, हा प्रश्न देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या घरात एकच आहे. सत्संगातल्या वहिनींना हे आवडलं नाही. त्यांच्या मते मिळालेली सवलत आपल्या हाताने सोडणं हा वेडेपणा आहे. मी त्यांना मैत्रिणीच्या फॉर्मची गोष्ट सांगितली.

आमच्या भागाच्या राज्य प्रतिनिधीला आम्ही दोघींनी वेगवेगळी पत्रं लिहिली, पण त्यातला एक परिच्छेद शब्दशः सारखा आहे: वाचा-उपचाराची मदत मागणाऱ्या घराला पदवीची अट काढून टाका, म्हणजे धार्मिक आक्षेपाच्या चौकोनाची गरजच उरणार नाही. बाकी आमचं अजून जमलेलं नाही. वर्षाला एक चाचणी सक्तीची करावी असं तिला वाटतं. ती पालकांच्या मर्जीवर सोडावी आणि निकाल घरातच राहावा असं मला वाटतं. डियाँग निकालात चाचणीचा उल्लेख सौम्य उपाय म्हणून आहे, हे ती मला दर वेळी वाचून दाखवते, आणि तो मुद्दा तिचा बिनतोड आहे हे मला कबूल आहे.